मळी

साखरेच्या पाकाला उकळी फुटली की पातेल्याच्या कडेला करडा फेस जमू लागतो. त्यात चमचाभर दूध घातले की तो दाटतो, सायीसारखा वर येतो आणि पळीने अलगद काढून टाकता येतो. मराठी स्वयंपाकघरात या फेसाला मळी म्हणतात. गुऱ्हाळावर उसाचा रस तापताना जी घाण वर येते, तीही मळीच. साखर कारखान्यात मात्र मळी म्हणजे वेगळीच वस्तू: दाणेदार साखर काढून घेतल्यावर मागे राहणारा काळा, दाट, चिकट द्रव. एकीकडे वरून काढून टाकायचा फेस आणि दुसरीकडे तळाशी उरलेला पाक, अशा दोन टोकांना एकच शब्द लागला, याला कारण आहे. साखर तयार करणे म्हणजे गोडी निर्माण करणे नव्हे. ती उसात असतेच. काम असते ते तिच्याभोवतीचा मळ दूर करण्याचे, आणि मळ कशाला म्हणायचे हे प्रत्येक काळाने आपापल्या साधनांनुसार ठरवले.

उसाच्या ताज्या रसात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यतः इक्षुशर्करा, म्हणजे नेहमीची साखर, आणि तिच्या सोबतीला थोडे ग्लुकोज व फ्रुक्टोज, प्रथिने, डिंकासारखे पदार्थ, मेण, रंगद्रव्ये, क्षार आणि सेंद्रिय आम्ले. मिठाच्या पाण्यातून मीठ मिळवायचे तर पाणी उन्हात आटू दिले की पुरते. मिठागरांचा सारा व्यवहार त्यावरच चालतो. साखरेचे तसे होत नाही. २० अंश सेल्सिअसच्या १०० ग्रॅम पाण्यात मीठ विरघळते सुमारे ३६ ग्रॅम, तर साखर २०० ग्रॅमच्या घरात. पाणी उकळते ठेवले तर मिठाचा आकडा जेमतेम ३९ वर जातो, साखरेचा मात्र ४८० च्या पलीकडे. म्हणून गरम पाक थंड होऊ लागला की त्यात न मावणारी साखर दाण्यांच्या रूपाने बाहेर पडते. पण पाक जितका दाट, तितके साखरेच्या कणांना एकमेकांजवळ पोचणे कठीण, आणि डिंकासारख्या पदार्थांनी ते आणखी अडते.

त्यात आम्लाची भर पडते. रस मुळातच किंचित आंबट असतो. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की इक्षुशर्करेचा रेणू दुभंगून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. हे दोन्ही गोडच असतात, पण ते सहजी दाणे धरत नाहीत आणि शेजारच्या साखरेलाही धरू देत नाहीत. गुलाबजामाच्या पाकात लिंबू पिळतात ते यासाठीच: पाक वाटीत साखरून बसू नये म्हणून. लिंबाच्या जागी व्हिनेगर घातले तरी काम तेच होते. हलवायाला हवे असलेले हे रूपांतर साखर करणाऱ्याला मात्र नको असते, आणि त्याची अर्धी धडपड ते रोखण्यातच जाते. ऊस तोडल्यावर तो दिवसभराच्या आत गाळावा असा आग्रह असतो, कारण तोडलेल्या कांड्यात हीच फाटाफूट आपोआप सुरू झालेली असते.

हे रसायनशास्त्र ठाऊक नसताना भारतीय कारागिरांनी त्यावर मात केली होती. इसवी सनाच्या आगेमागे सिद्ध झालेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्याने कोणकोणत्या वस्तू साठवाव्यात याची यादी आहे. तिच्या एका वर्गात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा ही पाच नावे ओळीने येतात. हा क्रम शुद्धीकरणाच्या पायऱ्यांचा आहे. फाणित म्हणजे अर्धवट आटवलेला रस, आजच्या काकवीच्या जवळचा. गुड म्हणजे गूळ. मत्स्यण्डिका या शब्दात माशाची अंडी दडली आहेत: पातळ काळपट पाकात पहिले बारीक दाणे दिसू लागतात, तेव्हा ते खरोखरच माशाच्या गाभोळीसारखे दिसतात. खण्ड म्हणजे तुकडे, आणि शर्करा या शब्दाचा मूळ अर्थ खडी, वाळूची कच. दाणा जमण्याची क्रिया डोळ्यांनी बारकाईने पाहिलेल्या माणसांनीच ही नावे ठेवली असणार. सुश्रुतसंहिता तर सांगते की या पदार्थांची निर्मळता जसजशी वाढते, तसतशी त्यांची गोडी आणि शीतलताही वाढते. पांढऱ्या साखरेची प्रतिष्ठा कारखान्यांनी आणलेली नाही, ती इतकी जुनी आहे.

अर्थशास्त्राच्या त्याच यादीत शुक्तवर्ग, म्हणजे आंबवलेल्या पदार्थांचा वर्ग, आहे. उसाचा रस, गूळ, मध, फाणित, जांभूळ किंवा फणस यांपैकी एकाचा रस मेषशृंगी आणि पिंपळीच्या काढ्यात घालून महिनाभर, सहा महिने किंवा वर्षभर मुरवावा, असे तिथे सांगितले आहे. गोड रस आधी आंबतो, त्यातले मद्य हवेच्या संपर्काने पुढे आम्लात बदलते आणि सिरका तयार होतो. एकाच रसाचे गोड आणि आंबट असे दोन वारस एकाच कोठारात नांदत होते. गुजरातेत नवसारीला उसाच्या रसाचा सिरका अजूनही होतो, आणि पारशी स्वयंपाकाची आंबट-गोड चव बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून असते.

शर्करा आणि खण्ड हे शब्द मालाबरोबर बाहेर पडले. फारसीत शकर आणि कंद झाले, अरबीत सुक्कर, आणि त्यांच्याच वाटेने युरोपात शुगर आणि कँडी. तंत्रही तसेच गेले. चिनी इतिहासग्रंथांत नोंद आहे की इ.स. ६४७ च्या सुमारास सम्राट ताइझोंगने रसापासून साखर करण्याची रीत शिकून घेण्यासाठी मगधात माणसे पाठवली होती. पुढे चीनने आणि इजिप्तने शुद्धीकरणात इतकी मजल मारली की उत्तर भारतात पांढऱ्या साखरेला चीनी आणि खडीसाखरेला मिश्री, म्हणजे मिस्र देशाची, ही नावे रूढ झाली. मराठीने मात्र शर्करेपासून आलेला साखर हाच शब्द धरून ठेवला.

दाणे जमले तरी प्रत्येक दाण्याभोवती काळ्या पाकाचा पातळ लेप चिकटून राहतो. तो धुवायला पाणी घातले तर साखरही विरघळते. ही अडचण सोडवणारी उत्तर भारतातली खांडसरीची रीत खास नोंद घेण्याजोगी आहे. आटवलेला दाट रस, म्हणजे राब, मातीच्या भांड्यांत भरून दाणा धरण्यासाठी कित्येक दिवस निवांत ठेवत. मग तो कापडी पोत्यांत भरून वजनाखाली दाबत आणि पातळ पाक निथळू देत. उरलेला लगदा हौदासारख्या जागेत पसरून त्यावर पाण्यातल्या ओल्या शेवाळाचा थर देत. शेवाळातला ओलावा थेंबाथेंबाने खाली झिरपे. इतके थोडे पाणी दाण्याला फारसे बाधत नाही, पण भोवतीचा लेप सैल करून खाली ओढून नेते. काही दिवसांनी वरचा थर पांढरा होई. तो खरवडून घ्यायचा आणि पुन्हा ताजे शेवाळ घालायचे. वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर आणि युरोपात हेच काम निमुळत्या साच्यांत साखर भरून वर ओल्या चिकणमातीचा लेप देऊन करत. दोन्हीकडे पाणी सावकाश सोडणारे झाकण शोधले गेले, आणि दोन्हीकडे या संथपणाची किंमत मोजावी लागली: साखर होण्यात आठवडे जात आणि बराचसा गोडवा निथळलेल्या पाकाबरोबर निघून जाई.

महाराष्ट्राची मुख्य वाट मात्र गुळाची. गूळ करणारा काळा पाक दाण्यांपासून वेगळा करतच नाही. तो फक्त न विरघळलेली आणि गरम झाल्यावर साकळणारी घाण काढतो, आणि उरलेले सगळे एकत्र गोठवतो. म्हणून गुळात लोह आणि इतर खनिजे टिकतात, स्वाद टिकतो आणि रंगही. ही साखरेच्या अलीकडची अपुरी पायरी आहे असे समजणे चुकीचे आहे. गूळ हे स्वतंत्र उद्दिष्ट आहे आणि त्याचे कौशल्यही वेगळे.

गुऱ्हाळ उभे राहते उसाच्या फडाजवळ. पूर्वी बाभळीसारख्या कठीण लाकडाचे उभे रूळ बैलांच्या फेऱ्यांनी फिरत आणि त्यांत घातलेला ऊस पिळला जाई. बराचसा रस चिपाडातच राही. बिहारमधील बिहिया येथे १८७० च्या दशकात टॉमसन आणि मिल्न यांनी लोखंडी रुळांचा चरक बाजारात आणला, आणि देशभर लाकडी घाणे मागे पडू लागले. पुढे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातूनही नांगरांच्या जोडीने उसाचे चरक निघू लागले. त्यानंतर तेलाची इंजिने आली, मग विजेच्या मोटारी.

रस गाळून काहिलीत येतो. काहील म्हणजे चुलवाणावर बसवलेली रुंद, उथळ कढई. चुलवाणात जळते ते वाळवलेले चिपाड, त्यामुळे सरपण बाहेरून फारसे आणावे लागत नाही. रस कोमट झाला की त्यात चुन्याची निवळी घालतात. तिने आम्ल मारले जाते, म्हणजे साखरेची फाटाफूट थांबते आणि गूळ घट्ट बसतो. चुना कमी पडला तर गूळ मऊ राहतो आणि पावसाळ्यात पाघळतो, जास्त झाला तर काळवंडतो. मग येते भेंडी. भेंडीची झाडे ठेचून पाण्यात भिजवतात आणि तो बुळबुळीत चिकट अर्क रसात ओततात. रस उकळीला येण्याच्या थोडे आधी प्रथिने साकळू लागतात, आणि भेंडीचा चिकटपणा त्या बारीक कणांना एकत्र गोवून जाड थराच्या रूपाने वर आणतो. ही मळी झाऱ्याने काढून घेतली की खाली रस पिवळसर, नितळ दिसतो. पाकात दूध घालणारी गृहिणी हेच करते. तिथे भेंडीच्या जागी दुधातली प्रथिने असतात, ती साकळताना मळाला धरून वर येतात. युरोपातल्या जुन्या साखर रिफायनऱ्यांमध्ये हे काम अंड्याचा पांढरा बलक किंवा बैलाचे रक्त करी. त्या दोन्हींतही तापल्यावर गोठणारी प्रथिने असतात.

मळी काढल्यावर जाळ वाढवतात. पाक १०५ अंशांच्या आसपास असताना उतरवला तर काकवी होते. गूळ हवा असेल तर तो ११८ अंशांच्या जवळ न्यावा लागतो. गुळव्या तापमापकाशिवाय हे ओळखतो. तो फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार आणि वास पाहतो, पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का ते बोटांनी चाचपतो. या क्षणी काही मिनिटांची चूक झाली तरी पूर्ण काहील वाया जाते, म्हणून गुऱ्हाळावर गुळव्याच्या शब्दापुढे मालकाचाही शब्द चालत नाही. उतरवलेला पाक वाफ्यात ओतून घोटतात. घोटताना दाणा एकदम आणि बारीक पडतो, आणि तोच साच्यात भरला की ढेप बसते. साधारण एक टन उसातून शंभर ते सव्वाशे किलो गूळ निघतो.

पंचगंगेच्या खोऱ्यात या व्यवसायाला राजाश्रयाने बाजार मिळाला. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी पेठ वसवली आणि तिथे गुळाची बाजारपेठ उभी राहिली. तोवर विखुरलेल्या शेतकऱ्यांना व्यापारी, अडते आणि रेल्वे एका ठिकाणी मिळाले. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या जुन्या पायावर. बाजाराने एक दुखणेही दिले. गुजरातेत पिवळाधमक गूळ पसंत केला जातो. तो रंग भेंडी आणि चुन्याने नेहमीच येत नाही, म्हणून हायड्रॉस नावाची रंग उडवणारी गंधकयुक्त पूड काहिलीत पडू लागली. अन्नसुरक्षेच्या नियमांनी गुळातील गंधकाच्या अंशावर कमाल मर्यादा घातली आहे. रंग उडाला म्हणजे मळ निघाला असे नाही, आणि ग्राहकाने तपकिरी ढेपेला कमी भाव देणे थांबवल्याशिवाय ही पूड काहिलीतून हटणार नाही.

दाण्यावर हुकमत मिळवलेली दुसरी जमात हलवायांची. खडीसाखर करताना ते दुधाने निवळलेल्या दाट पाकात दोरे सोडतात आणि तो दिवसेंदिवस हळूहळू निवू देतात. घाई नसल्याने दोऱ्यावरचे दाणे मोठे, टोकदार होतात. गुढीपाडव्याच्या गाठी लाकडी साच्यात पाक ओतून होतात, तिथे दाणा झटपट आणि बारीक हवा असतो. संक्रांतीच्या काटेरी हलव्याची कारागिरी सर्वांत नाजूक आहे. मंद आचेवरच्या परातीत तीळ किंवा खसखस घेऊन त्यावर चमच्याने पाकाचे थेंब टाकत बोटांनी सतत हलवत राहायचे. प्रत्येक थेंबातले पाणी उडते आणि साखर आधीच्या दाण्यावर बसते. तासन्‌तास हे चालले की काटा फुलतो. पाकात मळी राहिली तर हलवा पिवळट दिसतो, आणि आच वाढली तर काटा मोडतो.

एकोणिसाव्या शतकात शुद्धीकरणाचे चित्र पालटले. हाडांचा कोळसा रंगद्रव्ये शोषून घेतो हे शतकाच्या आरंभी कळले आणि रिफायनऱ्यांनी तो वापरात आणला. १८१३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉवर्ड यांनी निर्वात कढई बनवली. आतली हवा काढून घेतल्याने पाक साठ-सत्तर अंशांनाच उकळू लागतो, करपत नाही आणि साखर फुटत नाही. लुईझियानात नॉर्बर्ट रिल्यू यांनी १८४० च्या दशकात एका भांड्याची वाफ पुढच्या भांड्याला तापवण्यासाठी वापरली आणि इंधनाचा खर्च कितीतरी खाली आणला. शतकाच्या मध्याला साखरेसाठी केंद्रोत्सारक यंत्रे आली. छिद्रांची टोपली वेगाने फिरते, काळा पाक छिद्रांतून बाहेर फेकला जातो आणि दाणे आत राहतात. शेवाळ किंवा चिकणमातीला जे करायला आठवडे लागत, ते आता मिनिटांत होऊ लागले. शेवाळाच्या जुन्या रीतीचा मृत्यू या टोपलीने लिहिला.

ही साखर जहाजांतून भारतात येऊ लागली: युरोपातली बिटाची, मॉरिशसची, आणि विसाव्या शतकात जावाची. तिच्या शुद्धीकरणात हाडे आणि रक्त वापरतात ही बातमी इथे पसरली, तेव्हा ती अफवा नव्हती. हाडांचा कोळसा सर्रास वापरात होता आणि रक्ताची रीत जुन्या काळी प्रचलित होती. १९०५ च्या स्वदेशी आंदोलनात परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला, त्यामागे अर्थकारण होते तसा हा सोवळ्याचा प्रश्नही होता. भेंडी आणि दुधाने मळ काढणाऱ्या समाजाला मळ काढण्याचे साधनच मलिन वाटले.

दरम्यान दख्खनच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात कालवे निघाले होते: मुठेचे, नीरेचे, गोदावरीचे, आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणामुळे प्रवरेचे. बारमाही पाण्याला शेतकऱ्यांनी उसाने उत्तर दिले. आयात साखरेवर संरक्षक कर बसवणारा कायदा १९३२ मध्ये झाला आणि देशात तीसच्या आसपास असलेले कारखाने काही वर्षांतच शंभराच्या वर गेले. हरेगाव, वालचंदनगर, साखरवाडी, रावळगाव ही नावे त्या काळात नकाशावर ठळक झाली. त्यांत माळीनगर वेगळे ठरते, कारण सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी तिथे स्वतःच्या भांडवलावर कारखाना उभारला. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने लोणी येथे प्रवरा सहकारी कारखाना काढला. त्याची नोंदणी १९४८ ची आणि पहिला गळीत हंगाम १९५० चा. ऊस देणारा शेतकरीच साखरेचा मालक झाला आणि महाराष्ट्राचे राजकारण पुढे त्या मालकीभोवती फिरले.

या कारखान्यांनी मळ काढण्याची दिशा उलटी केली. गुऱ्हाळात मळ वर येतो, इथे तो खाली बसवतात. रसात चुन्याची निवळी आणि गंधक जाळून मिळवलेला वायू सोडतात. त्यांच्या संयोगाने कॅल्शियम सल्फाइटचा जड साका तयार होतो, तो घाणीला घेऊन तळाशी जातो आणि गाळून वेगळा केला की प्रेसमड नावाचे खत होते. निवळलेला रस आटवून निर्वात कढईत दाणा पाडतात, टोपलीत फिरवतात, आणि निथळलेला पाक पुन्हा कढईत घेतात. असे तीनदा केल्यावर उरणाऱ्या द्रवातून आणखी साखर काढणे परवडत नाही. तरी त्यात निम्म्याच्या आसपास गोडवा शिल्लक असतोच. क्षार आणि फुटलेली साखर इतकी दाटलेली असते की दाणा पडत नाही, एवढेच. हीच कारखान्याची मळी. उसाच्या वजनाच्या साधारण चार टक्के भरते.

तिच्यातली न सुटणारी साखर यीस्टला मात्र सहज मिळते. एक टन मळीतून सुमारे सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क निघतो. तो दारूत जातो, औषधांत जातो, पेट्रोलमध्ये मिसळला जातो, आणि त्याच्यापासून असेटिक आम्लही बनते, म्हणजे सिरक्यातले आम्ल. मद्याशी असलेल्या या नात्यामुळे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मळीवरही नियंत्रण आणले, आणि तिचा साठा व वाहतूक उत्पादन शुल्क खात्याच्या नजरेखाली गेली. मद्यार्क काढल्यावर उरते ते तपकिरी सांडपाणी, एका लिटरमागे आठ ते पंधरा लिटर. कारखान्यांभोवतीच्या अनेक गावांतल्या विहिरी आणि ओढे त्याने नासले. आता ते बाहेर सोडण्यास बंदी आहे. त्यातून वायू काढून, ते आटवून जाळतात किंवा प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट करतात. उसाने जमिनीतून घेतलेले पालाश त्या राखेत आणि खतात असते, आणि ते पुन्हा उसाच्या सरीत घातले जाते.